साडेसहाशे भागाकार

मांजरसुंबा,
२ नोव्हेंबर २०२५

आरोही,

वर ‘चि.’ लिहिलं होतं, ते खोडलं. जी पोरगी तीन वर्षं बोलत नाही तिला आशीर्वादाने सुरुवात करायची म्हणजे दार न वाजवता घरात शिरण्यासारखं झालं. म्हणून नुसतं नाव लिहितो.

तू माझा नंबर बंद केलास तेव्हापासून मी फोन केलेला नाही. हा पत्ता आजीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिला सांगितलं की पुण्याला पोरीच्या हॉस्टेलवर डिंकाचे लाडू पाठवायचेत. ती म्हणाली, “करनार कोन, तू?” आणि हसून पत्ता दिला. माझी आई असूनही भिवराबाई माझ्यावर विश्वास ठेवते, हे तिचं चुकतंच.

यंदाही मी ऊसतोडीला गेलो नाही. इथं चौकात टायरच्या दुकानात बसतो. पंक्चर काढतो, हवा भरतो. तू कधी बीडहून आलीस तर एसटी इथंच थांबते, दुकान डाव्या हाताला. हे उगीच लिहिलं.

लिहायला कारणं दोन आहेत. पहिलं, ५ जानेवारीला तुझ्या आईला जाऊन तीन वर्षं होतील. दरवर्षी त्या दिवशी मी आणि आजी दोघंच तिचं पान वाढतो. यंदा तू यावंस. माझ्याशी बोलू नकोस, आजीशी बोल, जेव आणि जा. एवढंच मागणं आहे.

दुसरं कारण आपल्या आकड्याचं आहे. २३३९९३३९ ही मूळ संख्या आहे, तिला दुसरं कोणी भागू शकत नाही, हे दाखवायला तिला साडेसहाशे मूळ संख्यांनी भागून बघायचं होतं. २ पासून ४८३१ पर्यंत. एकीनेही बाकी शून्य यायला नको. तू दहावीत होतीस. तुझे सर म्हणाले होते, मोबाईल क्षणात सांगेल. तू म्हणालीस, मोबाईल सांगतो ते त्याचं, आपण भागून बघू ते आपलं. पहिले सव्वातीनशे भागाकार तू गावी करायचे आणि पुढचे सव्वातीनशे मी उसाच्या फडात, असं ठरलं. मी वहीच्या पानाचे फोटो पाठवायचो, तू ते तक्त्यावर उतरवायचीस. पाटोद्याच्या विज्ञान प्रदर्शनात तो तक्ता पहिला आला. निळ्या ड्रेसमध्ये ढाल डोक्यावर धरलेला तुझा फोटो मी इथं दुकानात लावला आहे.

आता ऐक. माझ्या वाट्याचे शेवटचे सदतीस भागाकार मी केलेच नाहीत. ४५१९ पासून ४८३१ पर्यंत. तुझी आई दवाखान्यात होती आणि नंतर नव्हती, त्या तीन दिवसांत तुला पाठवलेल्या पानांवर मी मनाला येईल ती बाकी लिहिली. शून्य तेवढं टाळलं. आकडा खरंच मूळ आहे, ते मोबाईलनेही सांगितलं असतं. पण आपण ते दाखवलं नव्हतं. तुझ्या ढालीत सदतीस खोट्या ओळी आहेत.

त्या आता मी खऱ्या करतो आहे. हाताने, कॅल्क्युलेटर न लावता. दर पत्रात थोड्या पाठवीन. आज दहा सोबतच्या कागदावर आहेत. पहिली इथंच लिहितो. ४५१९: भागाकार ५१७७, बाकी ४४७६.

आईच्या बाबतीत मी तेव्हाच सांगितलं आहे, पुन्हा सांगतो. पोरीला कळवू नका, तिचं प्रदर्शन होऊ द्या, हे तिनेच म्हटलं होतं. मी तिचा शब्द पाळला.

अण्णा


मांजरसुंबा,
२३ नोव्हेंबर २०२५

आरोही,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असावं. फाडलं असशील तरी पोचलं.

ट्रॅक्टर जायला लागलेत. दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर भांडी, गोधड्या, शेळ्या, म्हाताऱ्या, पोरं. परवा त्यातला एक दुकानापुढं थांबला, मागच्या ट्रॉलीचं टायर बसलं होतं. मी जॅक लावायला वाकलो आणि नंबर बघितला. एमएच २३, पुढं मधली अक्षरं, मग ३९९३. त्रिंबक मुकादमाचा ट्रॅक्टर, ज्यावर बसून आपण तिघं पाच हंगाम गेलो.

आठवतं का, तू अकरा वर्षांची होतीस. याच चौकात दुसऱ्या ट्रॉलीची वाट बघत आपण दिवसभर बसलो होतो. तुझी रडारड बंद करायला मी गाड्यांच्या नंबरांचा खेळ काढला. नंबर मोडून दाखवायचा, कुणाकुणाने भाग जातो ते सांगायचं. मी बारावी नापास, पण गणितात सत्त्याऐंशी. इंग्रजीने माती केली, नाहीतर आज मी तुझ्या सरांच्या खुर्चीत असतो. हे मी तुला हजारदा सांगितलं आहे. तुझी आई म्हणायची, “सत्त्याऐंशीला काय वलांडून जाता येतंय का? मोळी उचला.”

तू ३९९३ बघितलास आणि म्हणालीस, हा तर लगेच मोडतो. तीनने जातो, मग अकराने, पुन्हा अकराने, पुन्हा अकराने. मी खूश झालो. मग तू म्हणालीस, “पन बीडचा तेवीस म्होरं लावला तर, अण्णा?” २३३९९३. तो काही मोडेना. तू महिनाभर फडात पाचटाच्या कोपीच्या दारात बसून भागत राहिलीस आणि तो मोडला नाही.

नंतर तू नंबरपाटीवर अंगठा ठेवून शेवटचा आकडा झाकलास. २३३९९. तोही मोडत नाही. अजून एक झाकला, २३३९. मग २३३. मग २३. मग २. मागून एकेक काढत गेलं तरी जे उरतं ते मूळच. तुझी आई ऊस सोलत होती. तू तिला ओरडून सांगितलंस आणि ती काही न कळून म्हणाली, “गुणाचा हाय गं बाई आकडा.”

पुढं दहावीत तू त्याला मागून ३ लावलास, मग ९ लावलास, आणि आठ आकड्यांचा झाला तरी तो तसाच राहिला. त्याला मागून अजून काहीही लावलं तरी मात्र मोडतो. १ किंवा ७ लावला तर तीननेच जातो. ३ आणि ९ ला काय लागू पडतं ते शोधायला तू अर्धी वही भरलीस. तुझ्या सरांनी सांगितलं होतं की या जातीचे आठ आकडी फक्त पाच आहेत आणि नऊ आकडी एकही नाही. मला त्याचं इतकं वाईट वाटलं होतं की मी जेवलो नाही. तू आणि आई मला हसत होतात.

त्रिंबकशी बोलणं झालं ते लिहितो. तो म्हणाला, “का बे भारत, येतो का?”

मी म्हटलं, “अर्धा कोयता कोन नेतंय?”

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, टोळीत मोजायचं ते असंच. तुझी आई गेल्यापासून मी अर्धा. त्याने नजर वळवली. मग विचारलं, “पोरगी बोलती का?”

“न्हाई.”

“तू तव्हा फोन कावून केला न्हाईस बे? मी म्हणत व्हतो तुला.”

“शिवकन्यानंच नको म्हणलं व्हतं,” मी म्हटलं.

त्रिंबक त्या दिवशी दवाखान्यात माझ्याबरोबर होता. तो माझ्याकडं बघत राहिला. टायर झालं आणि गेला.

मागून एकेक जात गेलं की शेवटी दोन उरतात. आता तू आणि मी तेवढे उरलोय, आरू. पाच तारखेला ये.

अजून बारा भागाकार जोडले आहेत.

अण्णा


मांजरसुंबा,
१४ डिसेंबर २०२५

आरोही,

आज आकडे नंतर. काल गावी गेलो होतो. आजी ज्वारीच्या रानात बसली होती, पाखरं हाकायला. मी तिच्याजवळ बसलो. ती म्हणाली, “आरू दिवाळीला फोनवर लई रडली.”

मी म्हटलं, माझ्या पत्रामुळं का?

“तुझं पत्र तव्हा कुठं गेलतं? ती म्हणली, आज्जे, आई दवाखान्यात व्हती आन मी अण्णाला फोन करून हसत व्हते. अण्णाचा आवाज कसातरीच व्हता. मला कळाया पायजे व्हतं. कळलं असतं तर गेले असते, आईचं तोंड बघितलं असतं.”

मला वाटलं होतं, तू माझ्यावर चिडली आहेस म्हणून बोलत नाहीस. तसं असतं तर बरं होतं. चिडलेल्या माणसाची वाट बघता येते. पण तू स्वतःलाच धरून बसली आहेस हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

तो फोन मला पाठ आहे. ४ जानेवारी २०२३, बुधवार, दुपारची वेळ. आदल्या दिवशी तुझी आई मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढत होती. पाय निसटून ती खाली दगडांवर पडली. पोटात मार होता. वरून काही दिसत नव्हतं, म्हणून मला आणि तिलाही वाटलं, दोन दिवसांत उठेल. दवाखान्यात बसल्या बसल्या मी ४५१७ चा भागाकार केला आणि पान तुला पाठवलं. भागाकार ५१७९, बाकी ५७९६. तुझा लगेच फोन आला. “अण्णा, बाकी भाजकापेक्षा मोठी कशी काय? सत्त्याऐंशीवाले ना तुमी?” आणि तू हसलीस.

मी म्हटलं, घाईत झालं. तू विचारलंस, आई कुठंय? मी म्हटलं, “फडात हाय.” तू म्हणालीस, “तिला सांगा, अण्णाचं गणित बघत जा म्हणून.” पुन्हा हसलीस. मी फोन ठेवला.

यात तुझी काय चूक आहे? तुला लहान पोरासारखी चूक करणारा बाप दिसला, तू हसलीस. हसायलाच पाहिजे होतं. मी इतक्या चांगल्या रीतीने खोटं बोललो की तुझ्या जागी त्रिंबक असता तरी फसला असता. टोळीतल्या बारा कोयत्यांना मी शपथ घातली होती की गावाकडं कुणी फोन करायचा नाही. आजीलासुद्धा मी कळवलं नव्हतं. पाच तारखेला सकाळी ती गेली. दुपारी तिकडंच अग्नी दिला. पाच आणि सहा, दोन्ही दिवस मी तुला पानं पाठवत राहिलो, सात तारखेला तू ढाल घेतलीस, आणि आठ तारखेला मी एकटा दारात आलो. माझ्या हातातली पिशवी घ्यायला तू पुढं पळत आलीस आणि माझ्या मागं बघितलंस.

हे तुझ्याकडून चुकलेलं नाही. मी लपवलं म्हणून तुला कळलं नाही, एवढं सरळ आहे. आणि लपवायला तुझ्या आईनेच सांगितलं होतं.

हे शेवटचं वाक्य मी इतक्या जणांना सांगितलं आहे की आता ते आपोआप तोंडातून येतं.

उरलेले पंधरा भागाकार जोडले आहेत. सदतीस पूर्ण झाले. शेवटचा ४८३१: भागाकार ४८४३, बाकी २८०६.

अण्णा


मांजरसुंबा,
२७ डिसेंबर २०२५

आरू,

तुझं पाकीट आलं!

पोस्टमन दुकानात आला तेव्हा मी ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होतो. हात पुसले, तरी पाकिटाला काळं लागलंच. उघडून बघतो तर मीच पाठवलेला कागद, दुसऱ्या पत्रातला. एका ओळीभोवती लाल पेनाने गोल, आणि शेजारी तुझं बारीक अक्षर. ‘४६४९: बाकी ९२२. पुन्हा बघा.’

मी पुन्हा बघितलं. भागाकार ५०३३ बरोबर होता, वजाबाकीत दहाची चूक. मी ९३२ लिहिलं होतं. तुझं बरोबर आहे.

तीन वर्षांनी तू मला चार शब्द लिहिलेस आणि त्यात माझी चूक काढलीस. शेजारच्या चहावाल्याला मी तो कागद दाखवला. तो म्हणाला, “ह्याच्यात काय हाय?” मी म्हटलं, माझ्या पोरीचं अक्षर आहे. त्याने दोन चहा पाजले. त्याला वाटलं तुला नोकरी लागली.

मग दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी तो कागद नीट बघितला. बाकीच्या प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलने बारीक ‘बरोबर’ची खूण आहे. सगळ्या. म्हणजे बाराच्या बारा तू स्वतः भागून बघितल्यास. बहुतेक सदतीसही बघितल्या असशील.

तेव्हापासून मला सुख नाही. का ते लिहायला मला तीन-चार दिवस लागतील. तुझ्या पाकिटाच्या जिवावर मी पाच तारखेची वाट बघत गप्प बसू शकलो असतो. तू बहुतेक आली असतीस.

अण्णा


मांजरसुंबा,
३१ डिसेंबर २०२५

आरोही,

आज दुकान बंद ठेवलं आहे.

तू माझी प्रत्येक ओळ तपासलीस. एक ओळ मात्र तुला तपासता येत नाही, कारण तिथं तू नव्हतीस. ती मी चारपैकी तीन पत्रांत लिहिली आहे, त्रिंबकला सांगितली आहे, आजीला सांगितली आहे. ती खोटी आहे. ‘पोरीला कळवू नका’ असं तुझी आई कधीच म्हणाली नाही.

ती उलटं म्हणाली होती. तीन तारखेला, पडल्यावर, जीपमध्ये घातलं तेव्हाच म्हणाली, “आरूला बोलवून घ्या.” त्रिंबक म्हणाला, “मी पाठवतो गाडी.” मी म्हटलं, थांब. मी म्हटलं, शनिवारी प्रदर्शन आहे, तेवढं होऊ दे.

मला वाटलं ती बरी होईल. हे खरं आहे, पण पुरतं नाही. पुरतं असं की त्या तक्त्याच्या खाली तू लिहिणार होतीस, ‘सहकार्य: माझे वडील’. तू फोनवर तसं सांगितलं होतंस. बारावीनंतर माझं नाव कुठल्याच कागदावर गणितासाठी लागलेलं नव्हतं. तू निघून आली असतीस तर तक्ता अर्धा राहिला असता. बायको दवाखान्यात पडलेली असताना मी त्या ओळीचा विचार करत होतो. हे आजपर्यंत मी स्वतःलाही सरळ सांगितलेलं नाही.

आता बुधवारचा फोन. मी तुला सांगितलं, आई फडात हाय. ती माझ्यापासून एक हातावर होती. खाटेवर. जागी होती. तुझं हसणं मोबाईलमधून बाहेर येत होतं, तिला ते ऐकू गेलं. तिने डोळे उघडले, “आरू?” म्हणाली, आणि फोनसाठी हात पुढं केला.

मी उठून बाहेर गेलो. तिचा आवाज तुला ऐकू जाऊ नये म्हणून. ‘तिला सांगा, अण्णाचं गणित बघत जा’ हे तू म्हणालीस तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर होतो.

आत आलो तर तिचा हात चादरीवर तसाच होता. ती म्हणाली, “आरूच व्हती ना? द्यायचा व्हता की मला.”

मी म्हटलं, “तिचं परदर्शन हू दी. शनवारी पोटभर बोल.”

ती भांडली नाही. तुला माहीत आहे, ती कशी भांडायची. त्या दिवशी भांडली नाही, यावरून मलाच कळायला पाहिजे होतं. ते कळणं माझं काम होतं, तुझं नव्हे. तू साडेतीनशे किलोमीटरवर होतीस, मी एक हातावर होतो. मला कळलं नाही आणि तू म्हणतेस, मला कळायला पाहिजे होतं. आरू, हे डोक्यातून काढून टाक. हे पत्र मी तेवढ्यासाठीच लिहितो आहे. यानंतर तू मला लाल पेनाने चूकही काढून पाठवणार नाहीस, हे मला माहीत आहे. तरी लिहितो, कारण तू दुसऱ्याचं ओझं वाहते आहेस, आणि ते माझं आहे.

दुसऱ्या पत्रात मी लिहिलं की शेवटी दोन उरतात, तू आणि मी. तेही मागं घेतो. मला तुला बोलवायचं होतं म्हणून मी त्या आकड्याला आपल्या घरात ओढून आणलं. आकड्याला आपलं काही माहीत नाही. तो मोडत नाही कारण तो तसाच आहे. आपण मोडलो, आणि ते मी केलं.

पाच तारखेला ये, असं यात लिहीत नाही. आजीला मी हे सगळं काल सांगितलं. तिने शेंगा फोडायच्या थांबवल्या आणि मला म्हणाली, “जा हितनं.” मी आलो. तुला गावी यायचं असेल तर ये, त्या दिवशी मी तिथं नसेन. आईचं पान तू वाढ. तिला तेच आवडेल.

४५१७ चा भागाकार मी नंतर तक्त्यासाठी नीट करून पाठवला होता की नाही, आठवत नाही. म्हणून आज पुन्हा केला. भाग अजून एकदा जात होता. भागाकार ५१८०, बाकी १२७९. त्या दिवशी तू विचारलं होतंस त्याचं हे उत्तर.

आणि एक गोष्ट राहिली आहे. ती तुझी आहे, तीन वर्षं माझ्याजवळ होती.

शनिवारी बोल म्हटल्यावर तुझी आई मग म्हणाली, “बरं. निरोप तरी दे तिला. परदर्शनाला निळा डरेस घालू नको म्हणावं, काखंत उसवलाय. मी निघताना बघितलं आन टाका घालायचा राहिला. टाका घालून मग घाल म्हणावं.”

मी हो म्हटलं. पण तो निरोप दिला असता तर तू म्हणाली असतीस, आईला द्या फोन. म्हणून दिला नाही. त्यानंतर ती माझ्याशी नीट असं काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. म्हणजे तिचं शेवटचं बोलणं माझ्यासाठी नव्हतंच.

तू तोच ड्रेस घालून गेलीस. फोटोत तू ढाल डोक्यावर धरली आहेस, आणि हात वर आहेत म्हणून काखेतली उसवण दिसते. बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही, माझ्या येते. फोटो आज दुकानातून काढला, या पाकिटात घातला आहे. ड्रेस आजीच्या पेटीत आहे, उसवलेलाच.

अण्णा